व्हॉल्तेर, लिस्बन, कालास: ज्ञानोदयाची पुस्तकं वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अठराव्या शतकातल्या युरोपी पुस्तकांबद्दल, त्यातही धार्मिक सहिष्णुता आणि माणसाचं दुःख या दोन विषयांबद्दल, वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न फिरून फ्रेंच लेखक व्हॉल्तेरपाशीच येतात, म्हणून पानही त्याच्याभोवती फिरतं. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. तेच ते सांगावं लागू नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. मला यातलं काहीच माहीत नाही. एकच पुस्तक सांगायचं तर कुठलं?

व्हॉल्तेरची छोटी कादंबरी 'कांदीद'. १७५९ साली आली. तीस प्रकरणं आहेत आणि त्यातली बरीचशी दोन-चार पानांत आटोपतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी हातात घेतलं तर रात्रीपर्यंत हातावेगळं होतं. तत्त्वज्ञान वाचायचं ठरवलं की लोक हमखास जर्मन तत्त्वज्ञ कान्टच्या वाटेला जातात आणि पहिल्या वीस पानांत पुस्तक मिटतात, ते कायमचंच. आधी गोष्ट वाचा. वाद कशावरून होता हे कळलं की वादाची पुस्तकं आपोआप सोपी होतात.

२. इंग्रजीतून वाचायचं तर कोणती आवृत्ती घ्यावी?

पेंग्विनमध्ये जॉन बट यांचा १९४७ चा अनुवाद जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडतो आणि तो अजूनही चांगला वाटतो. त्याच प्रकाशनाचा थिओ कफ यांचा अनुवाद नवा, टिपांसकट आहे. ऑक्सफर्डच्या आवृत्तीत (रॉजर पिअर्सन) 'कांदीद'बरोबर 'झादिग', 'मिक्रोमेगास' वगैरे कथाही मिळतात. पैसे खर्चायचे नसतील तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर जुना अनुवाद फुकट आहे. भाषा थोडी जुनाट वाटेल, पण काम भागतं. टिपा असलेलीच प्रत घ्या असा आग्रह मात्र धरेन. निम्मे टोमणे कोणाला मारलेत हे टिपेशिवाय कळत नाही.

३. 'कांदीद' विनोदी आहे की दुःखी? कोणी म्हणतं पोट धरून हसलो, कोणी म्हणतं पुढे वाचवेना.

दोघंही खरं सांगतायत. कांदीद हा वेस्टफालियातल्या एका गढीत वाढलेला भोळा पोरगा. 'हे जग सर्व शक्य जगांत उत्तम आहे' असं त्याच्या गुरूने, पँग्लॉसने, त्याला शिकवलेलं. सरदाराच्या मुलीचं चुंबन घेतलं म्हणून त्याला लाथ घालून बाहेर काढतात आणि तिथून पुढे युद्ध, वादळ, भूकंप, धर्मन्यायालय (पाखंड्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय), गुलामगिरी, फसवणूक असं सगळं त्याच्या वाट्याला येतं. हे सगळं व्हॉल्तेर बाजारहाटाची यादी वाचावी तशा घाईने सांगतो. हसू येतं ते या घाईमुळे. आणि मग एखाद्या ठिकाणी तो अचानक थांबतो.

असं थांबणं पाहायचं तर एकोणिसावं प्रकरण पाहा. सुरिनाममध्ये रस्त्याकडेला एक गुलाम पडलेला आहे. अंगावर निळ्या कापडाची अर्धी चड्डी, डावा पाय नाही, उजवा हात नाही. साखरेच्या कारखान्यात चरकात बोट सापडलं की हात तोडतात, पळून जायला बघितलं की पाय तोडतात. माझ्या बाबतीत दोन्ही झालं, असं तो सरळ सांगतो. आणि पुढे: याच किमतीत तुम्ही लोक युरोपात साखर खाता. कांदीद गुरूची शिकवण पहिल्यांदा सोडतो तो इथे. बरोबरचा काकांबो विचारतो, तो 'आशावाद' म्हणजे काय असतं? कांदीद म्हणतो, सगळं वाईट चाललेलं असताना सगळं चांगलं आहे असा हट्ट धरण्याचं वेड. आणि रडत रडत गावात शिरतो.

४. पँग्लॉस म्हणजे लायब्निट्झ ना? तो खरंच एवढा मूर्ख होता का?

मुळीच नाही. हा जर्मन तत्त्वज्ञ, कलनशास्त्र (कॅल्क्युलस) शोधणाऱ्या दोघांपैकी एक. १७१० च्या 'थिओडिसी'त त्याचा युक्तिवाद असा: देव सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि भला असेल, तर निर्माण करता येण्याजोग्या अनेक जगांतून त्याने सर्वांत चांगलंच निवडलं असणार. या जगात दुःख नाही असं तो कुठेच म्हणत नाही. याहून कमी दुःखाचं जग एकंदर हिशोबात याहून वाईट ठरलं असतं, एवढंच म्हणतो. इंग्रज कवी पोप याने 'माणसावरचा निबंध' (१७३३-३४) मध्ये हाच सूर सोपा करून 'जे आहे ते योग्यच आहे' इथवर आणला, आणि त्या सुटसुटीत रूपात तो युरोपभर पसरला.

व्हॉल्तेर लायब्निट्झला न्याय देत नाही, हे कबूल करायला हवं. त्याचा रोख त्या सिद्धान्तावर कमी आणि तो सिद्धान्त समोरच्या जखमी माणसाला ऐकवणाऱ्यावर जास्त आहे. भूकंपानंतर कांदीद दगडांखाली अडकून थोडं तेल आणि दारू मागतो आहे, आणि पँग्लॉस त्याला लिमा ते लिस्बन जमिनीखाली गंधकाची शीर कशी असणार हे समजावतो आहे! या विषयावरची पुढची बहुतेक पुस्तकं याच प्रसंगाभोवती घोटाळतात, असं माझं मत आहे.

५. लिस्बनच्या भूकंपाचा तत्त्वज्ञानाशी काय संबंध?

पोर्तुगालची राजधानी लिस्बन, १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या पुढे. लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या लागलेल्या. आधी धरणीकंप, मग समुद्राच्या लाटा, मग कित्येक दिवस पेटलेली आग. हजारो माणसं मेली. सणाच्या दिवशी, प्रार्थनेच्या वेळी, अतिशय धार्मिक अशा शहरात हे घडलं, म्हणून 'हे का?' हा प्रश्न टाळताच येईना.

व्हॉल्तेरने काही आठवड्यांत एक दीर्घ कविता लिहिली, ती १७५६ मध्ये छापली गेली. तिचा रोकडा सवाल असा: लिस्बनने लंडन-पॅरिसपेक्षा जास्त पाप केलं होतं का? आईच्या छातीवर चिरडलेल्या बाळांनी कुठला गुन्हा केला? तरुण कान्टनेही त्याच वर्षी भूकंपावर तीन लेख लिहिले, पण ते भूगर्भात काय घडतं याबद्दल. त्यांत देवाच्या कोपाला जागा नाही.

'कांदीद'च्या सहाव्या प्रकरणात पुढची पायरी येते. शहरातले विद्वान ठरवतात की काही माणसांना मंद आचेवर जाळण्याचा सोहळा केला तर भूकंप थांबतो. कादंबरीतला अतिरेक वाटतो ना? मालाग्रिदा नावाच्या जेझुइट (या कॅथलिक धर्मसंघाच्या) पाद्र्याने १७५६ मध्ये पुस्तिका काढली, की भूकंपाचं खरं कारण लोकांची पापं आहेत. शहर पुन्हा उभारू पाहणारा मंत्री पोंबाल याने त्याला लिस्बनबाहेर घालवलं, आणि १७६१ मध्ये धर्मन्यायालयाने त्याच म्हाताऱ्याला पाखंडी ठरवून गळा आवळून मारलं आणि जाळलं. जेझुइटांवर आयुष्यभर तुटून पडलेला व्हॉल्तेरसुद्धा हे ऐकून हादरला.

सहिष्णुता आणि दुःख हे दोन विषय एकाच पानावर का, असं काही जण विचारतात. हेच त्याचं उत्तर. संकट पापामुळे आलं असं एकदा ठरलं की पापी शोधावा लागतो, आणि तो सहसा शेजारच्या गल्लीत सापडतो.

आपल्याकडचा याच जातीचा वाद मराठी वाचकांना ठाऊक असेल. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं आणि टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. हेतू कितीही चांगला असला तरी भौतिक घटनेला असं नैतिक कारण चिकटवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

६. रूसोने या कवितेला उत्तर दिलं होतं म्हणतात. काय होतं त्यात?

रूसो हा व्हॉल्तेरच्याच काळातला दुसरा मोठा विचारवंत. लिस्बनवरच्या कवितेला (प्रश्न ५) उत्तर म्हणून त्याचं ऑगस्ट १७५६ चं लांबलचक पत्र आहे. रूसोचा सर्वांत नेमका मुद्दा असा, की सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं निसर्गाने एका जागी रचली नव्हती. लोक विखरून, हलक्या घरांत राहत असते, आणि पहिल्या धक्क्यानंतर सामानसुमान घ्यायला परत आत शिरले नसते, तर नुकसान फारच कमी झालं असतं. आपत्ती-व्यवस्थापनाचे आजचे अभ्यासक हे पत्र आवडीने उद्धृत करतात ते उगाच नाही.

त्याच पत्रात रूसो असंही म्हणतो, की माझा ईश्वरी योजनेवरचा विश्वास काढून घेऊ नका, दुःखात तेवढाच आधार आहे. आणि मग चिमटा काढतो: तुम्ही श्रीमंत, कीर्तिमान, आणि तुम्हाला जग वाईट दिसतं, मी गरीब, आजारी, आणि मला सगळं ठीक दिसतं! व्हॉल्तेरने तब्येतीचं कारण सांगून वाद टाळला. खरं उत्तर म्हणजे 'कांदीद', असं रूसो पुढे म्हणत राहिला.

७. कालास प्रकरण नक्की काय होतं? प्रत्येक ठिकाणी वेगळंच वाचायला मिळतं.

फ्रान्समधलं तुलूझ. झाँ कालास हा कापडाचा व्यापारी, साठी ओलांडलेला, धर्माने प्रॉटेस्टंट. १६८५ पासून फ्रान्समध्ये या पंथाला कायद्याने जागाच नव्हती. १३ ऑक्टोबर १७६१ च्या रात्री घरात जेवण चाललेलं. टेबलावर कालास, त्याची बायको, मुलगा पिएर आणि पाहुणा आलेला एक तरुण. थोरला मुलगा मार्क-अंत्वान जेवून उठला आणि खाली गेला. पाहुण्याला सोडायला इतर जण उतरले तर खालच्या दुकानात त्याचं प्रेत. घरच्यांनी आधी सांगितलं खून झाला. आत्महत्या म्हटलं असतं तर प्रेत फळीवर बांधून रस्त्यातून फरपटत नेण्याची शिक्षा होती. नंतर त्यांनी गळफासाची कबुली दिली, पण तोवर उशीर झाला होता.

बाहेर जमलेल्या गर्दीतून कोणीतरी ओरडलं, मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापाने मारला. झालं. मार्क-अंत्वानला वकिली करायची होती आणि कॅथलिक असल्याच्या दाखल्याशिवाय ते शक्य नव्हतं, हा धागा कोणी धरला नाही. त्याला थाटात हुतात्मा म्हणून पुरलं. एका पंथाने केलेल्या श्राद्धविधीत वर एक सांगाडा टांगला होता, एका हातात हुतात्म्याची झावळी आणि दुसऱ्या हातात धर्मांतराच्या कागदावर सही करायची लेखणी.

तुलूझच्या न्यायपीठाने ८ विरुद्ध ५ मतांनी शिक्षा दिली. १० मार्च १७६२ रोजी कालासला चाकावर बांधून हाडं मोडून मारलं. त्याआधी छळ करून साथीदारांची नावं विचारली. त्याने एकही नाव घेतलं नाही.

व्हॉल्तेरला पहिल्यांदा बातमी कळली तेव्हा त्यालाही कालास दोषी असू शकेल असं वाटलं होतं, आणि त्याने त्यावर एक कुत्सित विनोदही केला. मग कालासचा धाकटा मुलगा जिनिव्हात त्याला भेटला आणि त्याने प्रकरण हातात घेतलं. त्याचा युक्तिवाद साधा होता. पाय थकलेला म्हातारा अठ्ठावीस वर्षांच्या धडधाकट मुलाला एकटा फासावर लटकवू शकत नाही. म्हणजे सगळ्यांनी मिळून मारलं असणार, आणि त्या घरात एक श्रद्धाळू कॅथलिक मोलकरीणही होती. मग एकट्या बापालाच मृत्युदंड कसा? जून १७६४ मध्ये निकाल रद्द झाला आणि ९ मार्च १७६५ ला ४० न्यायाधीशांनी एकमताने कालासला निर्दोष ठरवलं. राजाने कुटुंबाला ३६,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले. मार्क-अंत्वान नेमका कसा मेला यावर इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे, पण बापाविरुद्ध पुरावा नव्हता यावर नाही.

८. 'सहिष्णुतेवरचा प्रबंध' सुरू केला, पण मध्येच रोमन बादशहांची आणि ज्यूंच्या इतिहासाची जंत्री आली. सगळं वाचायलाच हवं का?

नको. १७६३ चं हे पुस्तक कालासच्या बाजूने लोकमत तयार करायला लिहिलेलं आहे, आणि मधला भाग चर्चच्या विद्वानांना त्यांच्याच मैदानात गाठण्यासाठी आहे. आज तो कंटाळवाणा होतो. पहिलं प्रकरण वाचा, त्यात वरची हकीकत आहे. अठरावं वाचा (ते का, हे प्रश्न १७ मध्ये). एकोणिसाव्यात चीनमध्ये ख्रिस्ती धर्मगुरू भांडतात आणि चिनी अधिकारी शेवटी त्यांतल्या दोघांना समेट होईपर्यंत कोठडीत घालतो. समेट होण्याची चिन्हं नसतात, ती गंमत तिथेच वाचा.

आणि तेविसावं. ते प्रकरण म्हणजे देवाची प्रार्थना. तुझ्या नावाने भर दुपारी मेणबत्त्या लावणाऱ्यांनी तुझ्या सूर्यप्रकाशावर समाधान मानणाऱ्यांना सहन करावं. पांढरं कापड पांघरून 'तुझ्यावर प्रेम करा' सांगणाऱ्यांनी तीच गोष्ट काळ्या लोकरीच्या झग्यातून सांगणाऱ्यांचा द्वेष करू नये. पॅरिसमध्ये जानेवारी २०१५ च्या हल्ल्यांनंतर हे अडीचशे वर्षांपूर्वीचं पुस्तक फ्रान्समध्ये पुन्हा धडाधड खपलं.

९. 'तुझं मत मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या हक्कासाठी मी प्राण देईन' हे यातल्या कुठल्या पुस्तकात आहे?

कुठल्याच नाही. एव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने १९०६ मध्ये व्हॉल्तेरच्या मित्रांवरच्या पुस्तकात त्याची वृत्ती सांगण्यासाठी ते वाक्य स्वतः रचलं. व्हॉट्सअॅपवर ते त्याच्या नावाने फिरत राहणारच, त्याला इलाज नाही.

१०. व्हॉल्तेर नास्तिक होता ना?

नव्हता. फेर्ने या गावी, जिथे तो राहत होता, त्याने स्वतःच्या खर्चाने चर्च बांधलं आणि त्यावर लॅटिनमध्ये कोरून घेतलं, 'व्हॉल्तेरने देवासाठी उभारलं'. संताचं नाव नाही, थेट देव. त्यातही स्वतःचं नाव ठळक, हा त्याचा स्वभाव! विश्वाचा कर्ता आहे, पण तो कुठल्या एका पंथाचा नाही, असं त्याचं मत. देवाच्या धाकाशिवाय सामान्य लोक वागणार नाहीत असंही त्याला वाटायचं. त्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

११. लॉक, बेल, लेसिंग यांचीही नावं येतात. सगळे तेच सांगतात का?

अजिबात नाही, आणि फरक पाहण्यातच मजा आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं 'सहिष्णुतेवरचं पत्र' (१६८९) कायद्याच्या भाषेत बोलतं. सरकारचं काम माणसाचा जीव आणि मालमत्ता सांभाळणं. आत्म्याची सुटका हा त्याचा प्रांत नाही, कारण श्रद्धा दंडुक्याने बदलत नाही. पण लॉक नास्तिकांना वगळतो, कारण देव न मानणाऱ्याच्या शपथेवर विश्वास कसा ठेवायचा? परक्या सत्तेशी निष्ठा असणाऱ्यांनाही वगळतो, आणि त्याचा रोख कोणाकडे होता हे त्या काळच्या कॅथलिकांना बरोबर कळलं.

पिएर बेल याहून पुढे जातो, तेही लॉकच्या आधी. तो फ्रेंच प्रॉटेस्टंट, रॉटरडॅमला पळून आलेला. १६८५ मध्ये त्याच्या भावाला त्याच्या लेखनाच्या रागातून फ्रान्समध्ये पकडलं आणि तो तुरुंगातच मेला. पुढच्याच वर्षी बेलने 'त्यांना आत यायला भाग पाड' या बायबलमधल्या वचनावर भाष्य लिहायला घेतलं. चुकलेली असली तरी प्रामाणिक सदसद्विवेकबुद्धी मोडता येत नाही, आणि नास्तिकांचा समाजही नीट चालू शकतो, इथवर तो पोचतो. एवढी मजल शंभर वर्षांत फार थोड्यांनी मारली.

जर्मन लेखक लेसिंगचं 'नाथान द वाइज' (१७७९) हे नाटक, आणि माझ्या मते या यादीतलं सर्वांत हृद्य पुस्तक. जेरुसलेमचा सुलतान सलादीन ज्यू व्यापाऱ्याला विचारतो, तीन धर्मांत खरा कोणता? नाथान तीन अंगठ्यांची गोष्ट सांगतो. ती सगळ्यांना माहीत असते. पण चौथ्या अंकात एक प्रवेश आहे तो फार कमी लोकांच्या लक्षात राहतो. ख्रिस्ती लोकांनी नाथानची बायको आणि सात मुलगे जाळून मारलेले असतात. तीन दिवस-रात्र तो राखेत पडून असतो, देवाशी भांडतो, सूडाची शपथ घेतो. तेवढ्यात कोणीतरी एक पोरकं ख्रिस्ती बाळ त्याच्या हातात ठेवून जातं. तो ते घेतो, गुडघे टेकतो आणि म्हणतो, देवा, सातांपैकी एक परत मिळालं.

१२. 'आपण आपली बाग कसली पाहिजे' हा 'कांदीद'चा शेवट म्हणजे पळपुटेपणा नाही का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक वाचक विचारतो, आणि रास्त आहे. शेवटी सगळी मंडळी इस्तंबूलजवळ छोट्या शेतावर राहतात. एक दर्वेश त्यांना सांगतो, सुलतान इजिप्तला जहाज धाडतो तेव्हा त्यातल्या उंदरांना बरं वाटतंय का याची तो काळजी करतो का? आणि दार लावून घेतो. मग वीस एकरांच्या आसपास जमीन असलेला एक म्हातारा भेटतो. तो म्हणतो, काम केल्याने तीन पीडा दूर राहतात, कंटाळा, व्यसन आणि गरज. तेव्हापासून जो तो कामाला लागतो, कोणी भरतकाम, कोणी सुतारकाम. पँग्लॉसची बडबड चालूच.

या वाक्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेलेत. माझं उत्तर चरित्रातून येतं. हे वाक्य लिहिल्यावर तीन वर्षांनी लेखकाने कालासचं काम हातात घेतलं, मग सिर्वेन नावाच्या दुसऱ्या प्रॉटेस्टंट कुटुंबाचं, जे १७७१ पर्यंत चाललं. फेर्नेत दलदल उपसली, घरं बांधली, घड्याळजी आणून वसवले. बाग त्याला कुंपणाआतली अभिप्रेत असती तर तुलूझचा कापडवाला त्याचा कोण लागत होता?

१३. दुःखाबद्दल 'कांदीद'खेरीज आणखी काय वाचू?

व्हॉल्तेरचीच 'एका भल्या ब्राह्मणाची गोष्ट', दोन-तीन पानांची. एक विद्वान, श्रीमंत ब्राह्मण म्हणतो, चाळीस वर्षं अभ्यास केला आणि काळ, मन, सृष्टी यांतलं काहीच कळत नाही, जन्मलो नसतो तर बरं. त्याच्या शेजारी एक म्हातारी राहते. तिला आत्मा कशाचा बनलाय हा प्रश्न कधी पडला नाही, विष्णूच्या अवतारांवर तिची श्रद्धा आहे, गंगाजल मिळालं की ती सुखी. तरी ब्राह्मणाला तिच्याशी अदलाबदल करायची नाही, आणि लेखकालाही नाही. सुखापेक्षा बुद्धी प्यारी, मग हे वेड नव्हे का? गोष्ट तिथेच सोडून दिलेली आहे.

युक्तिवाद हवा असेल तर स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचे धर्मविषयक 'संवाद', तेही फक्त दहावा आणि अकरावा भाग. ह्यूमने ते हयातीत छापले नाहीत, मृत्यूनंतर तीन वर्षांनी १७७९ मध्ये आले. सॅम्युएल जॉन्सनचं 'रासेलास' 'कांदीद'च्याच वर्षी निघालं. विषय सारखा, वेग मात्र बैलगाडीचा.

१४. या पुस्तकांत भारत, गोवा कुठे येतो का?

येतो, आणि आपल्याला वाटतं त्याहून ठळक.

गोव्यात धर्मन्यायालय १५६० मध्ये बसलं, १७७४ मध्ये बंद झालं, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं उठलं. देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य दमणला राहत होता. त्याला पकडून गोव्याच्या कोठडीत ठेवलं आणि जानेवारी १६७६ मध्ये जाहीर सोहळ्यात शिक्षा सुनावली. सुटून गेल्यावर त्याने १६८७ मध्ये आपला अनुभव छापला आणि युरोपभर तो वाचला गेला. कैद्यांना काय घालायला देत याचं त्यात बारकाईने वर्णन आहे: ज्यांना जाळायचं त्यांच्या झग्यावर ज्वाळा वर जाणाऱ्या, कबुली देऊन वाचलेल्यांच्या झग्यावर उलट्या. आता 'कांदीद'चं सहावं प्रकरण उघडा. पँग्लॉसच्या झग्यावर सरळ ज्वाळा आणि नखं-शेपट्या असलेली भुतं, कांदीदच्या झग्यावर उलट्या ज्वाळा आणि बिननखांची भुतं.

१७६९ च्या 'अमाबेदची पत्रं' या कथेत तर काशीचं एक नवविवाहित जोडपं एका मिशनऱ्यावर विश्वास टाकतं आणि गोव्यात धर्मन्यायालयाच्या कैदेत पडतं. व्हॉल्तेरने कथेला १५१२ साल दिलं आहे, म्हणजे गोव्यात ते न्यायालय येण्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधीचं. त्याला एवढी फिकीर नव्हती.

एक खुलासा. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा या देवता फोंड्याच्या बाजूला हलवाव्या लागल्या तो देवळं पाडण्याच्या राज्यकर्त्यांच्या धोरणाचा परिणाम होता. धर्मन्यायालयाची मुख्य धार बाटलेल्यांवर होती, घरात चोरून जुने आचार पाळल्याच्या संशयावरून. दोन्ही एकाच सत्तेची कामं, पण यंत्रणा वेगळ्या. व्हॉल्तेरला या देवळांबद्दल काही माहिती असल्याचं दिसत नाही.

भारताबद्दलचं त्याचं प्रेम मात्र पुष्कळदा सोयीचं होतं. बायबलपेक्षा जुना, शुद्ध एकेश्वरी धर्म त्याला दाखवायचा होता. १७६० मध्ये 'एझूरवेदम' नावाची फ्रेंच हस्तलिखित पोथी हाती आली तेव्हा तो हरखला, ती राजाच्या ग्रंथालयाला भेट दिली. ती दक्षिणेतल्या मिशनऱ्यांनी हिंदूंना ख्रिस्ती धर्माकडे वळवण्यासाठी रचलेली निघाली. जेझुइटांचा सर्वांत कडवा टीकाकार मिशनऱ्यांच्याच बनावट वेदाला भुलला!

१५. महात्मा फुल्यांनी हे वाचलं होतं का?

त्यांच्यावर ठसा आहे तो अठराव्या शतकातल्याच टॉमस पेन या लेखकाचा. 'राइट्स ऑफ मॅन' त्यांनी तरुणपणीच वाचलं, आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' (मृत्यूनंतर, १८९१) वाचताना पेनच्या 'एज ऑफ रीझन'ची आठवण येते. त्यात जोतीरावांनी एक घर कल्पिलं आहे: बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध झाली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता, एका निर्मिकाची लेकरं म्हणून गोडीने राहावं. 'आपण सगळे एका बापाची लेकरं' हे व्हॉल्तेरच्या प्रबंधातही आहे, पण बायकोने आणि मुलीने स्वतः वाचून स्वतः ठरवावं हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. खालच्या लोकांनी तर्क लढवायला सुरुवात केली की सगळं संपलं, असं त्याने एका पत्रात लिहून ठेवलंय. 'विद्येविना मति गेली' लिहिणाऱ्या माणसाच्या शेजारी ठेवून पाहिलं की व्हॉल्तेरची उंची नेमकी कळते.

१६. व्हॉल्तेर ज्यूंबद्दल इतकं विखारी लिहितो. मग त्याची सहिष्णुता कसली?

लिहितो, आणि त्यावर पांघरूण घालू नये. 'तात्त्विक कोशा'त आणि इतरत्र ज्यूंना अडाणी, क्रूर वगैरे म्हणून शेवटी 'तरी त्यांना जाळू नये' अशी मखलाशी करतो. त्याला ख्रिस्ती धर्माचं मूळ उपटायचं होतं म्हणून तो ज्यूंच्या धर्मग्रंथावर, म्हणजे बायबलच्या जुन्या करारावर, तुटून पडला, हे स्पष्टीकरण अर्धंच पुरतं. ईझाक दे पिंतो या ज्यू लेखकाने १७६२ मध्ये त्याला जाहीर उत्तर दिलं. व्हॉल्तेरने पत्रातून चूक मान्य केली, मजकूर दुरुस्त करण्याचं आश्वासन दिलं आणि दुरुस्त केला नाही. याच काळात वेगळं लिहिणं शक्य होतं. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूच्या १७४८ च्या 'कायद्यांचं मर्म' या ग्रंथात धर्मन्यायालयाला उद्देशून एका ज्यूच्या तोंडचं आर्जव आहे, लिस्बनमध्ये जाळलेल्या अठरा वर्षांच्या ज्यू मुलीच्या निमित्ताने. आणि लेसिंग (प्रश्न ११) आहेच.

१७. असहिष्णू माणसालाही सहन करायचं का? यावर या पुस्तकांत काही ठोस आहे का?

प्रबंधाच्या अठराव्या प्रकरणात आहे. मत चुकीचं असलं म्हणून सरकारने शिक्षा करू नये. मत समाजात अशांतता माजवू लागलं की तो गुन्हा, आणि अशांतता माजते धर्मवेडातून. म्हणून सहिष्णुता हवी असेल त्याने आधी धर्मवेड सोडावं.

ऐकायला ठीक वाटतं. पण धर्मवेडा कोण हे ठरवायचं कोणी? तुलूझच्या न्यायाधीशांना कालासचं कुटुंबच धर्मवेडं वाटत होतं, पोटच्या मुलाला मारण्याइतकं. बेलने हा धोका ओळखला होता: 'खरं मत असणाऱ्याला सक्तीचा अधिकार' असा नियम केला की प्रत्येक जण स्वतःला खरा समजून तोच अधिकार वापरणार. म्हणून तो मताला हात लावूच देत नाही, फक्त कृतीला. मला बेल जास्त पटतो, पण जमावाला चिथावणारं भाषण ही मत की कृती, इथे त्याचंही उत्तर अडखळतं.

आणखी एक प्रकरण या संदर्भात वाचावं. फ्रान्समधल्या आबव्हिलमध्ये ला बार नावाच्या वीस वर्षांच्या तरुणावर मिरवणुकीसमोर टोपी न काढल्याचा आणि ईश्वरनिंदेचा खटला भरला. त्याच्या खोलीत व्हॉल्तेरचा 'तात्त्विक कोश' सापडला. १ जुलै १७६६ रोजी त्याचा शिरच्छेद केला आणि धड जाळलं, आणि त्याच चितेवर ते पुस्तकही टाकलं.

१८. नववी-दहावीच्या मुलांना 'कांदीद' द्यावं का?

बलात्कार, अंगविच्छेद, वेश्याव्यवसाय सगळं त्यात आहे, आणि ते हसत हसत सांगितलेलं असल्यामुळे जास्तच बोचतं. अकरावी-बारावीला, मोठ्या माणसाबरोबर चर्चा करत, चालेल. त्याआधी 'भल्या ब्राह्मणाची गोष्ट' (प्रश्न १३) आणि नाथानचा अंगठ्यांचा प्रवेश द्या. दोन्ही मिळून शाळेच्या एका तासात बसतात.